कारखाना बघायला जाण्याआधी ट्रकपाशी वाका

डाळजला महामार्गाच्या कडेला, ढाब्यापुढं एखादा नवा ट्रक थांबलेला दिसला, तर ड्रायव्हरशी दोन शब्द बोला आणि त्याला विचारून पुढच्या चाकापाशी वाकून बघा. गाडीखाली शिरायचं नाही, कडेनं वाकलं तरी पुरतं. स्टिअरिंगच्या दांड्यांचे आणि स्प्रिंगचे पाटे आवळून धरणाऱ्या यू-बोल्टचे नट दिसतील. त्या नटांवर बहुतेक वेळा पिवळ्या किंवा पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ असते, नटावरून खालच्या लोखंडावर उतरलेली. धुळीनं आणि ग्रीसनं ती पुसट झालेली असते. ती कारखान्यात कुणीतरी हातानं ओढलेली आहे. हा नट ठरलेल्या ताकदीनं आवळला, याची ती खूण. पुढं कधी नट ढिला होऊन फिरला, तर रेघ मधोमध तुटते; नटावरचा तुकडा एकीकडं, खालचा दुसरीकडं. जाणता ड्रायव्हर गाडीभोवती फेरी मारताना तेवढ्यावरून ओळखतो.

ट्रकच्या कारखान्यात सहलीला जाणाऱ्या आणि पुढं तिथंच नोकरी धरू पाहणाऱ्या आपल्या भागातल्या मुलामुलींना मला जे सांगायचं आहे, ते या रेघेपासून सुरू होतं. माझी अठरा वर्षं जुळणीच्या लाइनवर गेली. आता आयटीआयची पोरं भेट देऊन परत आली की मी त्यांना विचारतो, काय बघितलं? उत्तर ठरलेलं असतं: रोबोट बघितले, पेंट शॉप बघितलं, कॅन्टीन मोठं आहे. काम करणारा माणूस त्यांच्या नजरेतून सुटलेला असतो. पुढं नोकरी लागली की त्यातली काही पहिल्या दोन महिन्यांत गावी परत येतात. आळशी म्हणून येत नाहीत. कशाला हो म्हटलं, हे त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं.

बघायला फार लांब जावं लागत नाही. बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओचा कारखाना आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथं आपे तीनचाकी बनते आणि २०१२ पासून व्हेस्पा स्कूटरही. तीनचाकी मालवाहू गाडी म्हणजे ट्रक नव्हे, हे खरं. पण लाइन कशी चालते हे शिकायला ती चांगली जागा आहे. खरा ट्रक बघायचा तर पिंपरी-चिंचवड आणि चाकण. टेल्कोच्या, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सच्या, पुणे कारखान्यातून पहिलं मालवाहू वाहन १९७७ साली बाहेर पडलं. ज्याला आपण नुसतं ‘चारशे सात’ म्हणतो तो ट्रक १९८६ चा, आणि ‘छोटा हत्ती’ २००५ चा. दोन्ही पुण्याच्या कारखान्यात घडले. चाकणला महिंद्राचे मोठे ट्रक बनतात. आकुर्डीला फोर्स मोटर्स आहे. १९५८ साली ती बजाज टेम्पो या नावानं सुरू झाली आणि त्या नावातूनच आपल्या बोलीत ‘टेम्पो’ हा शब्द असा मुरला, की तो मुळात एका गाडीचा छाप होता हे आता कुणाला आठवतही नाही.

भेट एकट्यादुकट्याला सहसा मिळत नाही. आयटीआय किंवा कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र जावं लागतं, नावं आणि ओळखपत्रं आधी द्यावी लागतात, मोबाइल बहुतेक ठिकाणी गेटवरच जमा होतो. पायात बंद बूट हवेत. अंगठी, कडं, गळ्यातली साखळी, मनगटातला गंडा, लोंबती ओढणी हे सगळं काढून किंवा नीट खोचून जायचं. कुठं एखादं फिरतं यंत्र काय ओढून नेईल याचा भरवसा नसतो. आत पिवळ्या पट्ट्यांमधून चालायचं, फोर्कलिफ्टला वाट द्यायची आणि वर टांगलेल्या वजनाखाली एक क्षणही थांबायचं नाही. एवढं सांभाळलं की बाकी लक्ष बघण्याकडं.

आता लाइन. ट्रकचा सांगाडा म्हणजे चेसिस. दोन लांब लोखंडी पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. पुष्कळ कारखान्यांत ती सुरुवातीला उलटी ठेवलेली असते, पोट वर करून. ॲक्सल आणि स्प्रिंगचे पाटे वरून बसवणं सोपं जातं, म्हणून. मग एका स्टेशनवर अख्खा सांगाडा उचलून सुलटा करतात. ते दृश्य पहिल्यांदा बघताना सगळा ग्रुप थांबतो, तुम्हीही थांबाल. पुढं ब्रेकच्या हवेचे पाइप, हवेच्या टाक्या, वायरिंग, मग वरून इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र उतरतात. रेडिएटर, डिझेलची टाकी, चाकं. केबिन बाजूच्या दुसऱ्या लाइनवरून रंगून, काचा-सीट बसवून येते आणि पाळण्यातल्या बाळासारखी हळूच सांगाड्यावर ठेवली जाते. पुष्कळ गाड्यांना तर केबिन लागतच नाही. नुसता काउल, म्हणजे केबिनचा पुढचा भाग, लावून चेसिस विकली जाते आणि बॉडी बाहेर बांधून घेतात. शेवटी तेल, पाणी, कूलंट भरलं जातं. एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आला, तेव्हापासून डिझेलच्या बहुतेक मोठ्या गाड्यांना धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकीही असते. मग इंजिन सुरू होतं, रोलरवर ब्रेक तपासले जातात, हेडलाइट जुळवले जातात, आणि जी वस्तू सकाळी दोन लोखंडी पट्ट्या होती ती स्वतःच्या चाकांवर दाराबाहेर जाते. अठरा वर्षांत मला त्या क्षणाचा कंटाळा आला नाही.

पण भेटीत एवढंच बघून निघालात तर अर्धी भेट वाया गेली. माझी एक विनंती आहे. बरोबरच्या अधिकाऱ्याला नम्रपणे विचारा आणि एकाच स्टेशनपाशी, एकाच माणसाकडं बघत पंधरा मिनिटं उभे राहा. तो काय करतो, किती पावलं चालतो, वाकतो किती वेळा, हात खांद्याच्या वर किती वेळा जातात, हे मोजा. पंधरा मिनिटांत त्याचं तेच काम तीनचारदा झालेलं दिसेल. चौथ्या खेपेला तुमचं लक्ष उडायला लागेल. तिथं जागे व्हा, कारण त्याचं लक्ष उडून चालत नाही.

लाइनच्या वेगाचं गणित सोपं आहे. समजा पाळीत जेवण, चहा वगळून कामाची ४५० मिनिटं मिळतात आणि ९० गाड्या काढायच्या आहेत. म्हणजे दर ५ मिनिटांनी एक गाडी तुमच्यासमोरून पुढं सरकणार. याला टॅक्ट टाइम म्हणतात. तुमच्या स्टेशनला १२ बोल्ट असतील, तर पाळीत १,०८० बोल्ट झाले. एक हजार ऐंशीव्या बोल्टला पहिल्याइतकीच काळजी लागते. गिऱ्हाईक एकच ट्रक घेतो, आणि त्याच्या ट्रकला तुमचा कंटाळलेला बोल्ट येऊ नये.

भवानीनगरला किंवा बिजवडीला साखर कारखान्याची गव्हाण बघितली असेल, तर ही गोष्ट पटकन कळेल. गव्हाणीत ऊस पडायचा थांबला, ‘नो केन’ झालं, की पुढची सगळी मिल रिकामी फिरते. एका जागी झालेला उशीर सगळ्यांचा उशीर होतो. ट्रकच्या लाइनवर प्रत्येक माणूस म्हणजे अशी एक गव्हाण आहे.

इथंच आपल्या भागातल्या पोरांचा अंदाज चुकतो. ‘मोळ्या उचलल्यात, पाण्याच्या पाळ्या रात्रीच्या केल्यात, मला काय अवघड?’ असं मला कित्येकांनी ऐकवलं आहे. ताकद त्यांच्याकडं असते, शंका नाही. शेतातल्या कामाला ताकद जास्तच लागते. पण तिथं दम लागला की बांधावर टेकता येतं, सावलीला जाता येतं, कामाचा वेग तुमच्या हातात असतो. लाइनवर वेग दुसऱ्याच्या हातात असतो. लघवीला जायचं तरी बदली माणूस उभा करून जावं लागतं. ताकदीच्या कामाची बरीच जबाबदारी आता यंत्रांनी घेतली आहे. मोठ्या ट्रकच्या चाकाचे नट ६०० न्यूटन मीटरच्या आसपास आवळावे लागतात, म्हणजे एक मीटर लांब पान्याच्या टोकावर ६० किलोचा माणूस लोंबकळावा इतका पीळ. तो पीळ नटरनर देतो, माणसानं सगळे नट एकाच वेळी बरोबर बसलेत हे बघायचं असतं. यंत्रानं उचलून धरलं तरी लक्ष तुमचंच लागतं, आणि लक्ष ही गोष्ट व्यायामानं लगेच वाढत नाही.

माझी चूक सांगतो. नोकरीचा दुसरा महिना, तिसरी पाळी, पहाटेचे चार वाजत आले असतील. माझ्या स्टेशनला हवेच्या टाकीचा ब्रॅकेट होता. चार बोल्ट हातानं चढवायचे, टूलनं आवळायचे, मग टॉर्क रेंच लावून ‘टक्’ आवाज ऐकायचा आणि मग मार्करनं रेघ ओढायची. मी मागं पडत होतो. सेकंद वाचवायला मी एक सवय लावून घेतली होती: रेघा आधी ओढून टाकायच्या, रेंच नंतर. तीन बोल्टना टूल आणि रेंच लागला, चौथा नुसता हातानं चढवलेलाच राहिला. रेघ मात्र चारींवर होती. तपासणीत गाडी बाजूला निघाली. रिवर्कचा फिटर, माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस, मला तिथं घेऊन गेला. शिवी दिली नाही. त्यानं तो बोल्ट नुसत्या बोटांनी फिरवला आणि माझी पिवळी रेघ माझ्या डोळ्यांदेखत तुटून सरकली. ‘ही गाडी घाटातून उतरणार आहे,’ एवढंच म्हणाला. त्यानंतर मी एकही रेघ आधी ओढली नाही. महामार्गावर राहणाऱ्या माणसाला ब्रेक न लागलेल्या ट्रकनं काय होतं ते वेगळं सांगावं लागत नाही.

त्या रात्री मी काय करायला हवं होतं? लाइन थांबवायची दोरी किंवा बटण प्रत्येक स्टेशनपाशी असतं. ते ओढलं की वरच्या फलकावर आपल्या स्टेशनचा दिवा लागतो आणि लाइन लीडर धावत येतो. नव्या पोराला ते ओढायची लाज वाटते, सगळे बघतील म्हणून. भेटीत हेच विचारा: दोरी ओढली तर पुढं काय होतं? आज किती वेळा ओढली? उत्तर देणारा मोकळेपणानं आकडा सांगतो का, का गप्प होतो, यावरून तो कारखाना चूक कशी हाताळतो ते कळेल. माझ्या अनुभवात, जिथं दोरी ओढणाऱ्याला ‘बरं केलंस’ म्हणतात, तिथं माणूस टिकतो.

शरीराबद्दल सविस्तर सांगायलाच हवं. पहिला महिना पाय दुखतात, ते सगळ्यांचंच होतं. पण तळपाय, टाच आणि गुडघा दोन महिन्यांनंतरही रात्री ठणकत असेल तर बूट बदलून मागा, आतली गादी बदला, उभं राहायच्या जागी रबरी मॅट आहे का बघा. कमरेतून वाकू नका, गुडघ्यातून बसा; ऐकायला शाळेतल्या पीटीसारखं वाटतं, पण सततच्या वाकण्यानं कंबर गमावलेले माझे दोन सहकारी चाळिशीतच हलक्या कामावर गेले. हादरे देणारी हवेची टूल वापरून बोटं बधिर होत असतील, सकाळी मूठ मिटत नसेल, तर सुपरवायझरला आणि कारखान्याच्या डॉक्टरला त्याच आठवड्यात सांगा आणि सांगितल्याची नोंद करून घ्या. आवाजाचं मोजमाप स्वतः करता येतं: हाताच्या अंतरावरच्या माणसाशी बोलताना ओरडावं लागत असेल, तर कानात इअरप्लग हवाच. आठ तासांसाठी ९० डेसिबल ही आपल्याकडची मर्यादा आहे, आणि कान एकदा गेले की परत येत नाहीत.

आपण कामाच्या योग्यतेचे आहोत का, हे नोकरीआधी घरीच बघता येतं. ओळखीच्या ट्रॅक्टर गॅरेजमधून बादलीभर जुने नट-बोल्ट आणि दोन पाने मागून आणा. टेबलाच्या उंचीवर भोकं पाडलेली फळी ठेवा. घड्याळ लावून दर ५ मिनिटांना १२ बोल्ट बसवायचे आणि काढायचे. उभ्यानं, दोन तास, मोबाइल दुसऱ्या खोलीत. असं आठवडाभर. तिसऱ्या दिवशी ज्याला हात आपोआप चालल्याचा आनंद वाटायला लागतो, त्याला लाइन मानवेल. ज्याचा जीव घुसमटतो, त्यानं कमीपणा मानू नये. देखभाल, टूल रूम, स्टोअर, गुणवत्ता तपासणी, गाडीची चाचणी ही कामंही त्याच कारखान्यात असतात आणि तिथं वेगळा स्वभाव लागतो. डिझेल मेकॅनिक आणि इलेक्ट्रिशियन झालेल्यांनी भेटीतच या विभागांची चौकशी करावी.

मुलींच्या पालकांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ‘हे काम पोरीचं नाही’ हे वाक्य आता जुनं झालं. पुण्यात टाटा मोटर्सनं हॅरियर आणि सफारी या गाड्यांच्या जुळणीची अख्खी लाइन मुलींच्या हाती दिली आहे. वजन यंत्र उचलतं आणि लक्ष देऊन तेच काम नेमकं करण्यात आपल्या मुली कुठंही कमी नाहीत. विचारायचं ते एवढंच: रात्रपाळीला लेखी संमती घेतात का, दारापर्यंत ने-आण आहे का, राहण्याची जागा कुठं आहे, कपडे बदलायची खोली आणि स्वच्छतागृह लाइनपासून किती अंतरावर आहे. शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण दिवसाच्या आठ तासांत त्याचं महत्त्व सर्वांत जास्त.

कागदांकडं वळू. ‘कंपनीत लागलो’ या दोन शब्दांत चार वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात: कायम कामगार, ट्रेनी, अप्रेंटिस आणि ठेकेदारामार्फत कंत्राटी. काम शेजारीशेजारी उभं राहून तेच, पण पगार, सुट्टी आणि उद्याचा भरवसा यांत जमीन-अस्मानाचा फरक. सही करण्याआधी पत्रावर मालक म्हणून कुणाचं नाव आहे ते वाचा. अप्रेंटिसशिप १९६१ च्या कायद्याखाली नोंदलेली आहे का आणि शेवटी परीक्षा, प्रमाणपत्र आहे का ते विचारा. ते प्रमाणपत्र पुढं सगळीकडं चालतं, नुसता अनुभवाचा दाखला तितका चालत नाही. आठवड्याला ४८ तास आणि त्यावरच्या जादा कामाला दुप्पट दर, हा हिशोब पाठ ठेवा. पगाराच्या स्लिपवर पीएफची कपात दिसली की यूएएन क्रमांक घ्या आणि पैसे खरोखर भरले जातात का, ते स्वतः तपासा. पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआयचं कार्डही हवं. बोटाला लागलं त्या दिवशी ते खिशात असावं लागतं. ट्रकचा धंदा मालवाहतुकीबरोबर वर-खाली होतो. मंदी आली की कारखाने काही दिवस लाइन बंद ठेवतात आणि आधी घरी जातो तो कंत्राटी माणूस. म्हणून पहिल्या वर्षी मोटारसायकलचा हप्ता अंगावर घेऊ नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मोटारसायकलवरून आठवलं. डाळज, पळसदेव, भिगवणची बरीच पोरं बारामतीच्या पाळ्या गाडीवरून ये-जा करून करतात. पहिल्या आणि दुसऱ्या पाळीला ठीक आहे. तिसरी पाळी सुटल्यावर, सकाळी सूर्य डोळ्यांवर घेत, त्याच महामार्गावर गाडी चालवू नका. डोळा लागायला तीन सेकंद पुरतात. कंपनीची बस असेल तर तीच धरा, नसेल तर चौघांनी मिळून बारामतीत खोली घ्या आणि रात्रपाळीच्या आठवड्यात तिथंच झोपा. चाकण-भोसरीला कॉट बेसिसवर राहणाऱ्यांनी तरी एवढं बघावं की खोलीतले सगळे एकाच पाळीचे आहेत. नाहीतर एकाच्या झोपेच्या वेळी दुसऱ्याचा स्वयंपाक चालतो.

आणि घरी असाल तर घरच्यांना आधीच सांगून ठेवा. रात्रपाळी करून आलेला मुलगा सकाळी नऊला झोपलेला दिसतो, तेव्हा शेजारी विचारतात आणि आईला बोलल्यासारखं होतं. ‘जरा डेअरीला दूध घालून ये, मग झोप’ असं ती सहज म्हणून जाते. खिडकीला काळं कापड लावा, फोन बंद करा. आईला रोजच्या भाषेत सांगा: तू जसं चुलीवर दूध ठेवलं की तिथून हलत नाहीस, तसं मला आठ तास गाडीपाशी थांबावं लागतं, दोन वाजेपर्यंत उठवू नको. माझ्या आईनं हे एकदा ऐकलं, त्यानंतर ती दाराबाहेर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हळू बोलायला सांगायची.